पहिल्यांदाच दुसरी-तिसरीचा वर्ग मिळालाय? आधी हे करा

अभिनंदन! पहिल्याच दिवशी पुस्तकाचा पहिला धडा उघडू नका. पहिला आठवडा प्रत्येक मुलाला एकेकटं जवळ बसवून पाच मिनिटं वाचायला लावा. अक्षर, शब्द, वाक्य, उतारा यांपैकी गाडी कुठे अडते तेवढं वहीत टिपा.

नव्यांची हमखास चूक म्हणजे सगळ्या वर्गाकडून एका सुरात बाराखडी म्हणून घेणं. ते पाठांतर असतं, वाचन नव्हे. अक्षरं उलटसुलट दाखवा. घ-ध, भ-म इथे पोरं अडखळतात.

- क, म, र आणि काना एवढ्यावरच काका, मामा, मका, काम, कर होतात. क ते ज्ञ संपायची वाट कशाला?
- रोज ४० मिनिटं गट पातळीनुसार पाडा, इयत्तेनुसार नाही.
- घरी पावरी किंवा कोरकू बोलणारं मूल गप्प बसलं, तर ‘ढ’ ठरवू नका. उत्तर त्याच्या बोलीत चालेल.

अभ्यासक्रम मागे पडेल ही धास्ती साहजिक आहे. पण २००९ च्या शिक्षण हक्क कायद्यातलं कलम २४ अभ्यासक्रम पूर्ण करायला सांगतं, तसंच प्रत्येक मुलाची कुवत पाहून जादा शिकवायलाही. नोंदवह्या, निकालपत्रकं वगैरे दिवाळीनंतर बोलू.