इंटरनेटचा खर्च कमी करून वर्षाची कौटुंबिक सहल बसवता येईल का? स्वस्त इंटरनेट कसे निवडावे?

आपण चौघे आहात, इंटरनेटला दरमहा साधारण १,२०० रुपये जातात, आणि ते स्वस्त करून उरलेल्या पैशांत वर्षाला एक सहल बसेल का, असे आपण विचारले आहे. बसणार नाही. १,२०० म्हणजे बहुधा ९९९ रुपयांची योजना आणि तिच्यावरील १८ टक्के जीएसटी, मिळून १,१७८ रुपये ८२ पैसे. त्याऐवजी ४९९ ची योजना घेतली तर करासह ५८८ रुपये ८२ पैसे होतात. फरक महिन्याला ५९० रुपयांचा, वर्षाला ७,०८० रुपयांचा. एवढ्या रकमेत मे महिन्यात कोकणात दोन खोल्यांचे दोन रात्रींचे भाडे निघते, सहल निघत नाही. तरीही आपला प्रश्न वाचून मी उत्तर लिहायला बसले, याचे कारण असे की इंटरनेटचे पैसे आणि सहलीचे पैसे एकमेकांत मिसळल्यामुळे काय होते, हे आमच्या घरात २०२३ साली घडलेले आहे आणि त्याबद्दल मला आजही टोमणे ऐकावे लागतात.

मी साताऱ्यात एका पतसंस्थेत कर्ज विभागात काम करते. घरखर्चाची वही माझ्याकडे असते. सहलीसाठी आम्ही वेगळी आरडी, म्हणजे दरमहा ठरावीक रक्कम भरायची आवर्ती ठेव, करतो. एक सहल आटोपली की पुढच्याच महिन्यात ती सुरू होते आणि मार्चअखेर तिची मुदत संपते, म्हणजे मे महिन्याच्या आरक्षणासाठी पैसे हातात असतात. जून २०२२ पासून महिन्याला २,५०० रुपयांप्रमाणे दहा हप्ते भरले होते आणि व्याजासह साधारण २५,७०० रुपये हाती आले. आम्ही चौघे आणि सासूबाई अशा पाच जणांनी मालवणला तीन रात्री जायचे, असे ठरले होते. माझे मोठे दीर, म्हणजे भाऊजी, त्यांच्या कुटुंबासह तेथेच येणार होते.

त्याच आठवड्यात भाऊजींनी इंटरनेटची एक योजना आणली. त्यांच्या ओळखीचा एक स्थानिक पुरवठादार होता. बारा महिन्यांचे पैसे एकदम भरले की पुढचे दोन महिने मोफत, असे त्याचे म्हणणे होते. भाऊजींनी स्वतः भरले होते आणि आम्हीही भरावे, असा त्यांचा आग्रह होता. बारा महिन्यांचे करासह ७,०६६ रुपये होत होते. माझ्या मनात तेव्हाच आले होते की ज्याचा ताळेबंद आपण पाहिलेला नाही, ज्याचे कार्यालय भाड्याच्या गाळ्यात आहे, त्या माणसाला आपण विनातारण कर्ज देत आहोत आणि व्याजापोटी दोन महिन्यांचे इंटरनेट घेत आहोत. असा अर्ज पतसंस्थेत आला असता तर मी तो टेबलावरून पुढे सरकू दिला नसता. परंतु मोठे दीर घरी येऊन, चहा घेत, आपल्या भल्याचे सांगतात तेव्हा त्यांच्याकडे जामीनदार मागता येत नाही. एवढी मोठी रक्कम त्या वेळी फक्त सहलीच्या पैशांत होती. ती त्यातून दिली आणि सहलीसाठी १८,६०० रुपये राहिले.

आता सहलीचे अंदाजपत्रक कसे केले, ते सांगते, कारण आपला अर्धा प्रश्न तोच आहे. लोक आधी ठिकाण ठरवतात, मग हॉटेल पाहतात आणि शेवटी पैसे कमी पडले की जेवणात कपात करतात. हे मला पटत नाही. आधी एकूण रक्कम ठरवावी, त्यातून येण्याजाण्याचा खर्च बाजूला काढावा, आणि उरलेल्या रकमेत जेवढ्या रात्री बसतील तेवढ्याच रात्री राहावे. येण्याजाण्याच्या खर्चातच लोक सर्वांत जास्त फसतात. भाऊजींनी गाडी केली होती. किलोमीटरला १४ रुपये दर ऐकायला बरा वाटतो. परंतु बाहेरगावच्या गाडीला दिवसाला किमान ३०० किलोमीटरचे भाडे लावतात, गाडी जागेवर उभी असली तरीही. चार दिवसांचे १,२०० किलोमीटर झाले, म्हणजे १६,८०० रुपये, शिवाय चालकाचा रोजचा भत्ता आणि टोल. प्रत्यक्षात गाडी याच्या निम्मीच फिरली, कारण मधले दोन दिवस ती मालवणात एका आंब्याच्या झाडाखाली उभी होती आणि चालक तिच्यात झोपलेला होता.

आम्ही एसटीने गेलो. १७ मार्च २०२३ पासून महिलांना एसटीत निम्मे तिकीट झाले होते. मी आणि मुलगी त्यात बसलो, सासूबाई तेव्हा ७१ वर्षांच्या असल्याने त्यांना ज्येष्ठ नागरिक म्हणून सवलत होतीच, मुलगा नऊ वर्षांचा असल्याने त्याचेही अर्धेच. पूर्ण तिकीट फक्त यजमानांचे. जाताना पाच जणांचा प्रवास तीन तिकिटांत झाला. कोल्हापूरला गाडी बदलून, जाऊन-येऊन अडीच हजारांच्या आत. कंडक्टरने यंत्रातून एकामागून एक अर्धी तिकिटे काढून शेवटी यजमानांचे पूर्ण तिकीट काढले, तेव्हा सासूबाई त्यांना म्हणाल्या, "तूच एकटा श्रीमंत." मात्र एक गोष्ट कबूल केली पाहिजे. फोंडा घाटातील वळणांनी त्यांना फार त्रास झाला आणि परतीच्या प्रवासात त्या भाऊजींच्या गाडीतून आल्या, हे योग्यच झाले. घरात वयस्कर माणूस असेल तर माझे एसटीचे गणित जसेच्या तसे उचलू नका.

राहण्यासाठी बाजारपेठेच्या मागे एका घरगुती निवासात दोन साध्या खोल्या घेतल्या, रात्रीला प्रत्येकी १,५०० रुपये. तीन रात्रींचे ९,००० झाले. वातानुकूलित खोली २,२०० ला होती, म्हणजे ४,२०० रुपये जास्त. आरडीचे सगळे पैसे हातात असते तर मे महिन्यातल्या त्या उकाड्यात मी ती निःसंशय घेतली असती. भाऊजी किनाऱ्यालगतच्या हॉटेलात उतरले होते.

दुसऱ्या दिवशी सकाळी धक्क्यावरून होडीने सिंधुदुर्ग किल्ला पाहून आलो आणि रात्री दोन्ही कुटुंबे एकत्र जेवायला गेलो. आमच्याकडे पाच थाळ्या होत्या. सासूबाई मासे खात नाहीत, त्यांची शाकाहारी. भाऊजींनी थाळ्यांवर पापलेटे, तिसऱ्यांचे सुके आणि सोलकढीचा वेगळा तांब्या मागवला. बिल ३,४८० रुपये आले आणि भाऊजी म्हणाले, "दोन कुटुंबे, निम्मे-निम्मे." मी पिशवीतून वही काढली आणि आमच्या थाळ्यांचे पैसे मांडू लागले. त्यावर ते सगळ्यांदेखत म्हणाले, "अगं, चार दिवस तरी ती वही मिटून ठेव. तुझ्या चिकटपणामुळे पोरं उकाड्यात झोपतायत." सगळे हसले. यजमानही हसले, हे मी येथे मुद्दाम नोंदवते. पोरे उकाड्यात का झोपत होती आणि त्यांच्या वातानुकूलित खोलीचे पैसे कोणत्या गाळ्यात जाऊन बसले होते, हे मी त्या वेळी बोलले नाही. सासूबाईंसमोर तो विषय काढणे बरे दिसले नसते.

जुलैमध्ये पावसाने जोर धरला आणि एके दिवशी भिंतीवरच्या पेटीतला एलओएस नावाचा दिवा लाल होऊन लुकलुकू लागला. तो दिवा लाल झाला म्हणजे फायबरमधून सिग्नल येत नाही, मग राउटर दहा वेळा बंद-चालू करून काही उपयोग होत नाही. पाच दिवस फोन केल्यावर एक मुलगा शिडी घेऊन आला. पेटी पाहून म्हणाला, "मॅडम, ते ऑफिस बंद झालं. त्यांची लाईन आता आमच्याकडे आलीये. चालू करून देतो, पण पैसे नवीन भरावे लागतील." जुनी पावती दाखवली तर ती त्याने नम्रपणे परत केली. चार महिन्यांचे इंटरनेट वापरून झाले होते, बाकीचे ४,७११ रुपये बुडाले, आणि ज्या दोन मोफत महिन्यांसाठी हा सगळा खटाटोप केला होता ते उजाडलेच नाहीत. भाऊजींचेही तेवढेच बुडाले. दिवाळीत मी विषय काढला तेव्हा ते म्हणाले, "धंद्यात असं चालायचंच." धंदा त्या पुरवठादाराचा होता, आमचे फक्त पैसे होते.

म्हणून स्वस्त इंटरनेटबद्दल माझे मत असे आहे की पैसे महिन्याचे महिन्याला भरावेत, फार तर तीन महिन्यांचे. मोठ्या कंपनीची सहा किंवा बारा महिन्यांची सवलत घ्यायचीच असेल तर ती घरखर्चातून घ्यावी, सहलीच्या आरडीला हात लावू नये. योजना निवडताना जाहिरातीतल्या वेगाकडे फार पाहू नये. आपल्या इमारतीत जो कोणी तीच सेवा वापरतो त्याच्याकडे रात्री नऊ वाजता जाऊन ती कशी चालते ते पाहावे, कारण दुपारी सर्वांचेच इंटरनेट चांगले चालते. एचडी चित्रपटाला ५ एमबीपीएस आणि ४के चित्रपटाला १५ एमबीपीएस वेग पुरतो. चौघांच्या घरात एकाच वेळी दोन पडदे आणि मुलांचा एखादा तास चालू असला तरी ४० एमबीपीएसमध्ये अडचण येऊ नये. एमबीपीएस म्हणजे सेकंदाला मेगाबिट, मेगाबाइट नव्हे; आठ मेगाबिटांचा एक मेगाबाइट होतो. ४० चा वेग म्हणजे सेकंदाला ५ मेगाबाइट. हे ठाऊक नसल्यामुळे लोक उगाच फसवल्यासारखे वाटून घेतात.

अनेक घरांत १०० किंवा १५० एमबीपीएसची योजना घेतली जाते त्याचे खरे कारण मागच्या खोलीत वायफाय पोहोचत नाही, एवढेच असते. राउटर दारामागे, चपलांच्या कपाटावर ठेवलेला असतो. तो घराच्या मध्यावर, उंच जागी आणला आणि लांबच्या खोलीसाठी राउटरच्या दोन वायफाय जाळ्यांपैकी ५ गिगाहर्ट्झऐवजी २.४ गिगाहर्ट्झचे निवडले, तर पुष्कळदा काम भागते. २.४ चा वेग कमी असतो, पण भिंतींतून ते जास्त दूर जाते. आपल्या ९९९ च्या योजनेत ओटीटीची, म्हणजे चित्रपट-मालिका दाखवणाऱ्या ॲपची, वर्गणी मिळत असणार. ती कोण पाहते, हे घरात एकदा विचारा. आणि जीएसटीसह रक्कम, जोडणीचे शुल्क, राउटरची अनामत आणि सेवा सोडल्यास ती परत मिळण्याची अट, एवढे पैसे देण्यापूर्वी लेखी मागा.

आपण विचारलेले नाही, पण खरी गळती मोबाइलमध्ये असते. २८ दिवसांचे रिचार्ज वर्षात तेरा वेळा करावे लागते, बारा वेळा नव्हे. घरात वायफाय असताना चारही फोनवर रोजच्या दीड-दोन जीबी डेटाचे रिचार्ज करण्यात काय अर्थ आहे, हे मला समजलेले नाही. दिवसभर घरी असणाऱ्या माणसाचे रिचार्ज लहान केले तर वर्षाची बचत इंटरनेटच्या बचतीइतकीच होऊ शकते. आमच्याएवढी आरडी केल्यास दोन्ही मिळून तिचे निम्मे हप्ते तरी निघतील. बाकीचे पगारातूनच घालावे लागतील.

काही गोष्टी लिहायच्या राहिल्या. रेल्वेने जाणार असाल तर १ नोव्हेंबर २०२४ पासून आरक्षण १२० ऐवजी ६० दिवस आधी उघडते. आरडीची मुदत त्यापूर्वी संपेल अशी ठेवावी. पाच ते अकरा वर्षांच्या मुलाला स्वतंत्र बर्थ हवा असेल तर रेल्वेत पूर्ण भाडे पडते, एसटीसारखे अर्धे नाही. रात्रीला ७,५०० रुपयांपर्यंतच्या खोलीवर पूर्वी १२ टक्के जीएसटी होता, तो २२ सप्टेंबर २०२५ पासून ५ टक्के झाला आहे. जुन्या दराने कोणी बिल करत असेल तर विचारा. पावसाळ्यात मालवणला खोल्या स्वस्त मिळतात हे खरे, परंतु किल्ल्याच्या होड्या तेव्हा बंद असतात. आणि आपल्यापैकी कोणी घरून नोकरी करत असेल, तर माझा ४९९ चा सल्ला बाजूला ठेवा. तेथे बंद पडलेल्या एका दिवसाची किंमत वर्षाच्या बचतीपेक्षा जास्त होऊ शकते.

गेल्या महिन्यात भाऊजींनी कुटुंबाच्या गटावर पंधरा महिन्यांच्या एका नव्या योजनेचे चित्र पाठवले आहे. त्यांना मी अजून उत्तर दिलेले नाही. हे उत्तर त्यांच्या वाचनात आलेच, तर २०२३ ची वही आमच्या कपाटात वरच्या खणात आहे. जेवणाचे निम्मे, १,७४० रुपये, त्या रात्री आम्हीच दिले होते.