चित्रातला सुतार डावखुरा कसा?

प्रश्न : दांडिया बाजारातल्या आमच्या घरी एक जुनी फ्रेम आहे. रंगीत छापील चित्रात सुतार डाव्या हाताने वाकस (लाकूड तासायचं हत्यार) चालवतोय आणि शेजारचा कातारी (लाकूड फिरवून घडवणारा) कमानही डाव्याच हाताने ओढतोय. चित्र नकली समजायचं का? कागदावर तपकिरी ठिपकेही पडलेत. ब्लीचने जातील का?
– एक वाचिका, बडोदे

उत्तर : एवढ्यावरून नकली म्हणता येणार नाही. तांब्याच्या पत्र्यावर चित्र जसंच्या तसं कोरलं की छापताना उजवं डावीकडे जातं. काही कारागीर आरशात बघून कोरत, पण सगळेच ती खटपट करत नसत. खालची अक्षरं सुलट दिसतात म्हणून आपण फसतो. ती मुद्दाम उलटी कोरलेली असतात.

कमानीच्या लेथवर, म्हणजे कमानीच्या दोरीने लाकूड फिरवायच्या यंत्रावर, कातारी साधारणपणे उजव्या हाताने कमान ओढतो, डाव्या हाताने पटाशी धरतो आणि पायाच्या बोटांनी ती टेकवतो. फोनवर फोटो आडवा उलटवून पाहा. दोघांचेही हात जागेवर आले तर चित्रच उलटं आहे. एकाचाच हात चुकत असेल तर तो माणूस खरोखर डावखुरा असेल!

छापील चित्रावरून नवा पत्रा कोरला की बाजू पुन्हा पालटते. बाल्थाझार सोल्विन्स या युरोपीय चित्रकाराने १७९९ च्या सुमारास कलकत्त्यात कारागिरांसह लोकजीवनाची २५० चित्रं छापली. त्यातली ६० लंडनच्या ऑर्म या प्रकाशकाने नव्याने कोरवून विकली. त्यामुळे केवळ हातावरून अस्सल-नक्कल ठरवू नका. जपानी ठशांत हा घोळ नसतो, कारण पातळ कागदावरचं रेखाटन लाकडी ठोकळ्यावर पालथं चिकटवूनच कोरतात.

दहापट भिंगातून बघा. रंगांचे बारीक, ओळीत बसलेले ठिपके दिसले तर अलीकडची छपाई. रंग रेषेबाहेर सांडलेला असेल तर बहुधा हाताने भरलेला. चित्राभोवती पत्र्याचा दाबलेला चौकोन बोटाला लागायला हवा, मात्र कडा कापलेल्या असतील तर तो सापडणार नाही.

ब्लीच अजिबात नको. कागदाचे तंतू कमजोर होतात आणि हाताने भरलेले पाण्याचे रंग निघून जातात. मागचा जुना पुठ्ठा बदलून आम्लविरहित पुठ्ठा घाला, काच आणि कागदात २-३ मिलिमीटर अंतर ठेवा. कागद काचेला चिकटला असेल तर ओढू नका, तसाच कागद-संवर्धकाकडे न्या. पावसाळ्यात ओल येणाऱ्या भिंतीवर फ्रेम लावू नका. इतर भिंतीवरही मागे चार कोपऱ्यांना बुचाचे तुकडे चिकटवा, म्हणजे हवा खेळती राहील.