‘जिथे मला कुणी ओळखत नाही, तिथे जायचंय’

फोन वडिलांचा होता, जानेवारीच्या शेवटच्या आठवड्यातला. मुलगी इथल्याच, न्यू जर्सीतल्या स्टेट युनिव्हर्सिटीत सोफोमोर, म्हणजे दुसऱ्या वर्षाला. हायस्कूलमध्ये हुशार, मराठी शाळेत पहिलीपासून, मंडळाच्या गणपतीत दरवर्षी स्टेजवर. "आणि आता अचानक म्हणते, ओरेगनला ट्रान्सफर घेते. म्हणे, नव्याने सुरुवात करायचीय. हे पळून जाणंच झालं ना? तुम्ही मराठी आहात, जरा समजावा तिला."

‘समजावा’ याचा अर्थ आपल्याकडे ‘आमच्या बाजूला वळवा’ असा असतो, हे मला समुपदेशक म्हणून इतक्या वर्षांत कळलंय. ते मी करणार नाही, असं सांगितलं आणि मुलीला स्वतः फोन करून वेळ घ्यायला सांगा म्हटलं. हा प्रश्न घेऊन दर हिवाळ्यात दोन-तीन घरं तरी येतात. पहिल्या सेमिस्टरचे मार्क डिसेंबरमध्ये लागतात, मुलं महिनाभर घरी असतात आणि परत जायची वेळ आली की कुणीतरी म्हणतं, मला तिथे जायचंच नाही. या एका मुलीची गोष्ट तिच्या परवानगीने, ओळखीचे तपशील बदलून लिहिते. तिला इथे सानिका म्हणू.

सानिका आली, बसली आणि पहिला प्रश्न मलाच. "तुम्हाला मावशी म्हणायचं की नावाने हाक मारायची?" मी म्हटलं, मावशी म्हटलंस तरी तुझ्या आईची बहीण होणार नाही मी. इथलं इथेच राहील. ती पहिल्यांदा हसली.

पहिल्या भेटीत मी कॉलेजचा विषयच काढला नाही. झोप, खाणं, अंघोळ, वर्गाला जाणं आणि स्पष्ट शब्दांत, मरावंसं वाटतं का, हे विचारलं. हे विचारल्याने मुलांच्या डोक्यात काही नवं भरत नाही. उलट बहुतेकांना सुटल्यासारखं वाटतं. सानिकाचं तसं काही नव्हतं. असतं, तर ओरेगनचा विषय बाजूला ठेवून आधी उपचार. (मरावंसं वाटलं, मन कोसळलं तर तातडीच्या मदतीसाठी २०२२ च्या जुलैपासून अमेरिकेत ९८८ हा तीन आकडी नंबर आहे, फोनही करता येतो आणि मेसेजही. तो मी प्रत्येकाच्या फोनमध्ये सेव्ह करायला लावते, गरज असो वा नसो.)

दुसऱ्या भेटीत ती ओरेगनबद्दल भरभरून बोलली. झाडं, पाऊस, डोंगर, विकेंडला समुद्र. शनिवारचं चित्र तर तिने असं रंगवलं की मलाही जावंसं वाटलं. मग मी म्हटलं, आता मला तिथला मंगळवार सांग. नोव्हेंबरातला, साधा.

"उठेन. क्लासला जाईन. लायब्ररीत बसेन."

"जेवायला?"

"रूमवर काहीतरी खाईन."

"कुणाबरोबर?"

ती गप्प झाली. बराच वेळ. मग म्हणाली, "एकटीच. इथे पण तेच करते."

तेव्हा कळलं की ऑक्टोबरपासून ती डायनिंग हॉलमध्ये गेलेलीच नाही. मील प्लॅनचे पैसे भरलेले आणि ही रूमवर सीरियल खाऊन राहतेय. दाराजवळच्या टेबलावर तिच्याच हायस्कूलचा ग्रुप बसतो, म्हणून. न्यू जर्सीतल्या एडिसन-प्लेन्सबरोच्या, आपल्या लोकांच्या पट्ट्यातली मुलं एकाच स्टेट युनिव्हर्सिटीत जातात तेव्हा हे होतंच. कॉलेज बदलतं, टेबल तेच राहतं.

पण टेबल टाळायचं कारण काय? तर ऑरगॅनिक केमिस्ट्रीत, म्हणजे प्री-मेडच्या, मेडिकलच्या पूर्वतयारीच्या विषयात, पहिल्या परीक्षेपासून घसरण चालू होती. हे तिने फक्त रूममेटला सांगितलं होतं. रूममेट म्हणजे मराठी शाळेपासूनची मैत्रीण. डिसेंबरात सी मायनस लागला. तोही तिलाच सांगितला. रूममेटने स्वतःच्या आईला सांगितलं आणि मंडळाच्या हळदीकुंकवात सानिकाच्या आईला कुणीतरी वाण देता देता विचारलं, "मग आता प्री-मेडचं काय ठरवलंय?"

आईला तोवर काहीच माहीत नव्हतं.

वडील मला नंतर म्हणाले, "आम्ही फी भरतो आणि कॉलेज म्हणतं, कायद्याने मार्क दाखवता येत नाहीत." तो कायदा १९७४ चा, ‘फर्पा’. मूल कॉलेजात गेलं की नोंदींवरचा हक्क मुलाचा होतो. "आम्हाला दाखवत नाहीत आणि सगळ्या हळदीकुंकवाला माहीत!" त्यांचा संताप खरा होता. मला हसूही आलं, पण त्यातच मुलीच्या प्रश्नाचं निम्मं उत्तर होतं. तिला छळत होती ती गोष्ट अगदी या जागेची होती. इथे ती ‘डॉक्टर होणारी सानिका’ होती, आठवीपासून. ओरेगनमध्ये ती कुणीच नसणार. दोन हजार चारशे मैलांवर हे ओझं खरोखर उतरतं, आणि ज्याला ते उतरवायचं आहे त्याला पळपुटा म्हणू नये. एखाद्या मुलीच्या मागे कुणी लागलंय, वर्गात, होस्टेलवर त्रास देतंय आणि तक्रार करूनही काही हलत नाही, तिथे तर मी स्वतः म्हणते, नीघ.

उरलेलं निम्मं मात्र जागेचं नव्हतं. दुखावली की सानिका बोलत नाही, नाहीशी होते. रूममेटला तिने एक शब्द विचारला नव्हता. प्रोफेसरच्या ऑफिस अवर्सना, शंका विचारायच्या ठरलेल्या वेळेला, एकदाही गेली नव्हती. आईचे फोन घेणं बंद. ही सवय पश्चिम किनाऱ्यावर आणखी वाढायला भरपूर वाव होता, कारण तिथे नाहीशी झालेली मुलगी कुणाच्या लक्षातही येणार नाही. माझ्याकडे पूर्वी एक मुलगा यायचा. त्याने चार वर्षांत तीन कॉलेजं बदलली आणि प्रत्येक ठिकाणी सहाव्या आठवड्याला वर्गात जाणं थांबवलं. सहावाच आठवडा, दर वेळी.

कोरी पाटी हा शब्द सानिकाच्या तोंडी सारखा यायचा, तेव्हा मी तिला कागदावरचीच पाटी बघायला लावली. अमेरिकेत कॉलेज बदललं की साधारणपणे क्रेडिट, म्हणजे पूर्ण केलेल्या कोर्सचं मोजमाप, पुढे जातात, ग्रेड जात नाहीत. नव्या कॉलेजात जीपीए, म्हणजे ग्रेडची सरासरी, शून्यापासून सुरू होतो. इथवर पाटी कोरी. सी मायनसचं क्रेडिट तर बरीच कॉलेजं घेतच नाहीत, सी तरी हवा असतो. म्हणजे तो कोर्स पुन्हा करायचा. पण मेडिकल स्कूलचा अर्ज ज्या ‘ॲमकास’ व्यवस्थेतून जातो, तिथे आजवर शिकलेल्या प्रत्येक कॉलेजची ट्रान्स्क्रिप्ट, म्हणजे गुणपत्रिका, द्यावी लागते आणि सगळे ग्रेड धरून जीपीए काढतात. जुना सी मायनस तिथे हजर.

हे ऐकून तिचा चेहरा पडेल असं मला वाटलं होतं. ती म्हणाली, "पण मेडिकलला जायचंय असं मी कुठे म्हटलं?"

मी थांबले. हे वाक्य तिने याआधी कुणालाच ऐकवलं नव्हतं, बहुतेक स्वतःलाही नाही.

तिसऱ्या-चौथ्या भेटीनंतर आई-वडिलांना बोलवायचं, हा निर्णय तिचा. ती एकोणीस वर्षांची, तिच्या संमतीशिवाय मी त्यांना काही सांगू शकत नव्हते. तिची आई मला अधूनमधून फोन करून "नुसतं हो की नाही सांगा" म्हणायची, तेव्हाही नाही. त्या भेटीत वडिलांनी पुन्हा तोच शब्द काढला, पळून जाणं. मला राहवलं नाही. म्हटलं, आपण सगळे दोन-दोन बॅगा घेऊन मुंबईहून विमानात बसलो, ते कशासाठी? मागे सगळं छान चाललं होतं म्हणून?

समुपदेशकाने असं बोलावं का, यावर मी नंतर विचार केला. बहुधा नसतं बोललं तर बरं. पण वडील खूप वेळ कार्पेटकडे बघत राहिले आणि मग मुलीला म्हणाले, "माझा सेकंड इयरला वायडी, इयर डाउन, झाला होता. इंजिनिअरिंगला. वर्ष गेलं. इथे कुणाला माहीत नाही." सानिकाने आईकडे पाहिलं. आईलाही ते लग्नानंतर पाच वर्षांनी कळलं होतं. "मला का नाही सांगितलंत बाबा?" त्यावर त्यांच्याकडे उत्तर नव्हतं. इथे आल्यामुळे ते मागे पडलं, हेही खरं होतं, आणि बावीस वर्षं ते लपवत आले, हेही.

त्यानंतर आम्ही पैशांवर आणि तारखांवर आलो. पालक इथे मोकळे होतात, कारण आकडे बोलता येतात. दुसऱ्या राज्याच्या सरकारी युनिव्हर्सिटीत फी कितीतरी पट असते. "वर्षभर राहिली की इन-स्टेट होईल", म्हणजे त्याच राज्याची धरून कमी फी लागेल, ही आशा जवळजवळ प्रत्येक घरात असते आणि ती जवळजवळ कधीच खरी होत नाही. बहुतेक राज्यांत बारा महिन्यांची अट आहे खरी, पण शिकण्यासाठी आलेल्याचा तो काळ सहसा धरत नाहीत आणि आई-वडिलांवर अवलंबून असलेल्या मुलाचं राज्य म्हणजे आई-वडिलांचं राज्य. पश्चिमेकडच्या राज्यांची आपसांत सवलतीच्या फीची योजना आहे, पण ती त्या राज्यांतल्या मुलांसाठी. न्यू जर्सीचा तिच्याशी संबंध नाही. १९६८ पासून चालू असलेली ‘नॅशनल स्टुडंट एक्स्चेंज’ मला जास्त आवडते. आपल्याच कॉलेजचं नाव ठेवून एखादं सेमिस्टर किंवा वर्ष दुसऱ्या राज्यात शिकायचं, परतीचा रस्ता उघडा. सानिकाचं कॉलेज त्यात नव्हतं, नाहीतर मी तिथेच ढकललं असतं तिला.

क्रेडिटचा हिशेब लोक हलक्यात घेतात. अमेरिकी संसदेसाठी काम करणाऱ्या ‘गव्हर्न्मेंट अकाउंटेबिलिटी ऑफिस’ने २०१७ मध्ये अहवाल दिला होता. २००४ ते २००९ या काळात कॉलेज बदललेल्या मुलांचे सरासरी अंदाजे ४३ टक्के क्रेडिट वाया गेले; सरकारी कॉलेजातून सरकारी कॉलेजात गेलेल्यांचेही ३७ टक्के. सानिकाला मी एकच गोष्ट पक्की सांगितली: डिपॉझिट भरायच्या आधी प्रत्येक कोर्सचं उत्तर लेखी घे. आणि ‘घेतलं’ एवढ्यावर थांबू नकोस, ते मेजरमध्ये, मुख्य विषयात, धरणार की इलेक्टिव्हमध्ये, ऐच्छिकात, तेही विचार. ओरेगनच्या मोठ्या सरकारी युनिव्हर्सिट्यांत सेमिस्टर नाही, क्वार्टर, म्हणजे त्याहून छोटी सत्रं, असतात. तीन सेमिस्टर-क्रेडिटचे साडेचार क्वार्टर-क्रेडिट होतात, पण दोन सेमिस्टरांचा विषय तिथे तीन तुकड्यांत शिकवतात आणि आपलं अर्धं कुठेच बसत नाही. शिवाय तिथे कॉलेज सप्टेंबरच्या अखेरीस सुरू होतं. इथले सगळे ऑगस्टच्या शेवटापासून पांगलेले, आणि ही महिनाभर घरात एकटी. त्या महिन्याचं काय करायचं, हेही आम्ही ठरवून ठेवलं.

चालू सेमिस्टर अर्धवट सोडायचं नाही, यावर मी अडून बसले. नाहीसं व्हायची सवय असलेली मुलं ड्रॉपचा फॉर्मही भरत नाहीत, नुसती जायची बंद होतात. मग ‘एफ’ लागतात, आणि साठ टक्के टर्म व्हायच्या आत सोडलं तर सरकारी मदतीतले पैसे परत करावे लागू शकतात.

मार्चपासून मे महिन्यापर्यंत तिने दोनच कामं करायची होती. आठवड्यातून तीनदा डायनिंग हॉलमध्ये जेवायचं, कुठल्याही टेबलावर. आणि रूममेटशी एकदा बोलायचं. जेवणाचं जमलं, तिसऱ्या आठवड्यापासून. केमिस्ट्रीच्या लॅबमधल्या एका मुलीबरोबर बसायला लागली. रूममेटशी बोलणं फसलं. ती म्हणाली, "मी काय मुद्दाम सांगितलं का? आईने विचारलं म्हणून सांगितलं." सानिका चिडून माझ्याकडे आली. मी म्हटलं, बोललीस ना? ती म्हणाली, काय उपयोग झाला? मलाही चटकन उत्तर सुचलं नाही.

ती गेली. पब्लिक हेल्थ घेऊन, ओरेगनलाच. तिचे बारा-तेरा क्रेडिट बुडाले आणि वडिलांनी कर्जाचा एक भाग तिच्या नावावर ठेवला, ते मला पटलं. जाण्याआधीच्या भेटीत तिने विचारलं, "व्हिडिओवर आपलं चालू राहील ना?" नाही. क्लायंट ज्या राज्यात बसून बोलते, त्या राज्यात काम करायची परवानगी समुपदेशकाकडे लागते. काही राज्यांनी त्यासाठी आपसांत करार केलेत, पण माझा परवाना न्यू जर्सीपुरताच. हे मी तिला फेब्रुवारीतच सांगितलं होतं. तिने तेव्हा ऐकलं नसावं.

मी ओरेगनमधल्या तिघांची नावं काढून ठेवली होती. कागद तिने घडी करून पर्समध्ये टाकला. म्हटलं, इथूनच लाव. ती माझ्याकडे बघत राहिली, मग फोन काढला. पलीकडे व्हॉइसमेल लागला. तिने घसा खाकरला, नाव सांगितलं आणि मग आडनाव, एकेक अक्षर सुटं करून, दोनदा.