गरीब घरातल्या पोरांनी शाळा सोडून घराला हातभार लावला तर बिघडलं कुठं?

घरात खायचे वांधे असताना पोरांनी शाळेऐवजी काम केलं तर चुकलं काय, असं तुम्ही विचारलंय. हाच सवाल माझे चुलते गेली पंचवीस वर्षं मला घालतात, म्हणून लिहितोय.

आम्ही बीडकडचे, ऊसतोडीवाले. 1999 साली दिवाळी झाली आणि आई-वडील मुकादमाची, म्हणजे मजूर जमवणाऱ्या ठेकेदाराची, उचल (आगाऊ घेतलेले पैसे) फेडायला सांगलीकडच्या उसाच्या फडावर निघाले. मी नऊ वर्षांचा, आजीपाशी राहिलो. अक्का अकराची, नुकती चौथी झालेली. तिला नेलं, कारण धाकटा रांगत होता आणि ऊसतोडीत कोयता म्हणजे नवरा-बायकोची जोडी. आई पोराला घेऊन बसली तर कोयता अर्धा. मग पहाटे भाकरी अक्कानं थापायच्या, दिवसभर धाकटा काखेत, दुपारी वाढं, म्हणजे उसाचे हिरवे शेंडे, गोळा करून पेंढ्या बांधायच्या.

अक्का हिशोबाला पक्की. टायरगाडीची खेप कारखान्याला गेली की ती पेटीच्या झाकणाला आतून कोळशाची एक रेघ ओढायची. पट्टा पडला, म्हणजे हंगाम संपला, तेव्हा मुकादमाच्या वहीत खेपा कमी निघाल्या. तिनं चारचौघांत पेटी उघडून दाखवली. वडिलांनी तिथंच तिच्या कानाखाली वाजवली. पुढच्या सालची उचल त्याच मुकादमाकडून घ्यायची होती ना! जूनमध्ये तिला परत शाळेत घातलंच नाही. चौदाव्या वर्षी लग्न झालं आणि तिचा स्वतःचा कोयता सुरू झाला.

तुम्ही म्हणता तो हातभार हा. मजुरी टनावर मिळते, पोराच्या नावानं वहीत एक पैसा चढत नाही. पोरं फुकट राबतात म्हणून तर एवढ्या कमी दरात तोड चालते.

2016 साली बदललेल्या बालमजुरी कायद्यानं चौदाच्या आतल्या मुलाला शाळा सुटल्यावर आणि सुट्टीत घरच्या कामात मदत करायची मुभा आहे. फडावर शाळा भरतच नाही, तर सुटणार कधी?

सकाळी शेणपाणी उरकून शाळेला जाणारी पोरं मी यात धरत नाही, ते मीही केलंय. आईवडिलांनाही दोष देत नाही. तुमच्या ओळखीत असं घर असेल तर निघण्याआधी गुरुजींना हंगामी वसतिगृहाचं विचारा, आईबाप तोडीला गेल्यावर पोरं गावातच राहून शिकतात ते. पोरगं न्यावंच लागलं तर शिक्षण हमी कार्ड घ्या, म्हणजे तिकडच्या गावातल्या शाळेत बसवता येतं.

चुलते म्हणतात, "कामानंच माणूस घडतं, तू नाही का घडलास?" मी फडावर गेलोच नाही, नाना. गेली ती अक्का. तिची मुलगी आता नववीत आहे, दिवाळीनंतर माझ्याकडे राहते. यंदा नानांनी तिच्यासाठी स्थळ आणलं होतं. मी पाहुण्यांना दारातूनच परत लावलं.