स्थिर, ठरलेली की थिरावलेली?

बडोद्याच्या रावपुऱ्यातल्या एका मराठी वाचनालयाचं काम पाहणाऱ्या ताईंनी विचारलं आहे: "आमच्या दोन संगणकांवर डेबियन ही संगणक चालवणारी प्रणाली आहे. सभासदांसाठी मराठीत सूचनांचा फलक करतोय. तिच्या 'स्टेबल' आणि 'अनस्टेबल' आवृत्त्यांना 'स्थिर' आणि 'अस्थिर' लिहिलं, तर एक ज्येष्ठ सभासद म्हणाले, 'अस्थिर म्हणजे मध्येच बंद पडणारं ना? मग असलं कोणी तयार तरी का करतं?' आमच्यातल्या एकाने 'ठरलेली आवृत्ती' सुचवलं आहे. काय लिहावं?"

ताई, त्या सभासदांनी नेमकं बोट ठेवलं आहे. 'स्टेबल' हा शब्द ऐकला की आपण 'न अडणारं, न कोलमडणारं' असं समजतो. डेबियनवाल्यांना आधी म्हणायचं असतं ते वेगळंच: न बदलणारं.

तुमच्याकडचंच उदाहरण घ्या. डेबियन १२, म्हणजे 'बुकवर्म', १० जून २०२३ रोजी आलं. त्यात पत्रं, तक्ते वगैरे लिहायचं लिब्रेऑफिस ७.४ होतं. पुढे लिब्रेऑफिसच्या नव्या नव्या आवृत्त्या निघत राहिल्या, क्रमांक वर्षांवरून द्यायची पद्धत सुरू झाली, पण बुकवर्ममध्ये ७.४ च राहिलं. ९ ऑगस्ट २०२५ ला डेबियन १३, 'ट्रिक्सी', आलं तेव्हा त्यात एकदम २५.२ आलं. मधल्या दोन वर्षांत सुरक्षेच्या चुका सापडल्या नाहीत असं नाही. सापडल्या, आणि तेवढ्याच दुरुस्त करून जुन्या आवृत्तीत बसवल्या. क्रमांकाचा पुढचा भाग तोच राहतो आणि शेवटी 'डेब१२यू१', 'डेब१२यू२' असं शेपूट वाढत जातं. वाचनालयात बसणाऱ्याला हे एका वाक्यात सांगता येईल: आवृत्ती तीच, आत शुद्धिपत्र नवं. पुस्तकाची नवी आवृत्ती निघाली की पानं सरकतात, प्रकरणं बदलतात. शुद्धिपत्र चिकटवलं तर पान ११२ हे ११२ च राहतं. (याला अपवाद आहे. फायरफॉक्ससारखे ब्राउझर स्थिर डेबियनमध्येही पुढच्या आवृत्तीवर नेले जातात, कारण जुन्यात दुरुस्त्या बसवत राहणं झेपण्यासारखं नसतं.)

न बदलणं आणि न अडणं यांतला फरक मला एकदा चांगलाच कळला. आमच्या मंडळाची सभासदयादी मी घरच्या संगणकावर तयार केली होती. त्यावर रोलिंग पद्धतीची प्रणाली होती, म्हणजे नवं येईल ते रोज आत घेणारी. छापायच्या आदल्या रात्री सवयीने सगळं अपडेट केलं. संगणक एकदाही अडला नाही, एकही फाइल गेली नाही. फक्त नव्या आवृत्तीत मराठी अक्षरांच्या ओळींमधलं अंतर केसभर वाढलं होतं. बेचाळीस पानांची यादी पंचेचाळीस पानांवर गेली आणि आधीच छापून आणलेली अनुक्रमणिका निरुपयोगी झाली. त्या प्रणालीला 'डळमळीत' म्हणणं अन्यायाचं होईल. ती बदलली होती, बिघडली नव्हती. म्हणून दोन गुणांना दोन शब्द ठेवावेत असं माझं ठाम मत आहे: न बदलणारं ते 'स्थिर', न अडणारं ते 'भरवशाचं'.

मराठीत 'स्थिर'चा मुळातला अर्थ 'जागचं न हलणारं' हाच आहे. स्था धातूचं हे कुळ मोठं आहे: स्थान, स्थिती, स्थावर. त्यामुळे 'स्थिर आवृत्ती' बिनधास्त लिहा. अडचण आहे ती 'अस्थिर'ची. आपल्याकडे अस्थिर असतं ते सरकार, मन, नाहीतर प्रकृती, आणि तिन्ही ठिकाणी काळजीचं कारण असतं. 'स्थावर-जंगम' या जोडीत मात्र जंगम मालमत्तेला कोणी कमी लेखत नाही. ती हलवता येते, एवढंच. 'अनस्टेबल'साठी असाच दोष न देणारा शब्द हवा, आणि साधा 'बदलती' पुरेसा आहे. डेबियनच्या या शाखेचं नाव कायम 'सिड' असतं. डेबियनची नावं 'टॉय स्टोरी' चित्रपटातल्या पात्रांवरून ठेवतात, आणि सिड हा त्यातला खेळणी मोडणारा मुलगा. ठेवणाऱ्यांना धोका माहीत होता, तरी नव्या कामाची सुरुवात तिथूनच होते.

'ठरलेली' कुठून आलं ते बडोद्याच्या माणसाला लगेच कळेल. गुजराती शेजारी तूप थिजलं की 'घी ठरी गयुं' म्हणतात, समजूतदार माणसाला 'ठरेल' म्हणतात, आणि ते आपल्याही बोलण्यात उतरतं. पण मराठीत तूप थिजतं. ठरतं ते लग्न, वेळ नाहीतर भाव. 'ठरलेली आवृत्ती' वाचून पुण्याचा माणूस 'आधी नक्की केलेली' असंच समजेल. बडोद्यातल्या बडोद्यात बोलताना शब्द गोड आहे, फलकावर नको.

त्याऐवजी आपलाच एक सुरेख शब्द आहे: थिरावणे. स्थिरचं प्राकृतात थिर झालं, त्यावरून हे क्रियापद. 'स्थिर' अवस्था सांगतो, 'थिरावणे' तिथवरची वाट सांगतो. जे आधी हलत होतं तेच थिरावतं: नजर थिरावते, नव्या गावात माणूस थिरावतो, चार-पाच षटकं खेळून फलंदाज खेळपट्टीवर थिरावतो. डेबियनमध्ये अगदी हेच घडतं. नवं पॅकेज, म्हणजे बसवायला तयार केलेला प्रोग्राम, आधी सिडमध्ये येतं. दोन ते दहा दिवस तिथे काढले आणि मोठी नवी चूक निघाली नाही, तर ते 'टेस्टिंग'मध्ये, म्हणजे चाचणीत, जातं. पुढे एका टप्प्यावर नवं घेणं थांबवतात, चुका निस्तरत राहतात, आणि उरतं ते स्थिर म्हणून बाहेर पडतं. ही थिरावलेली आवृत्ती.

या वाटेचा उपयोग २०२४ मध्ये दिसला. 'एक्सझेड' या फाइली दाबून लहान करणाऱ्या पॅकेजच्या ५.६.० आणि ५.६.१ या आवृत्त्यांत कोणीतरी मुद्दाम चोरदरवाजा घातला होता. दूरच्या संगणकात शिरायला अर्धा सेकंद जास्त का लागतो, याचा पिच्छा आंद्रेस फ्रॉइंड या अभियंत्याने पुरवला आणि २९ मार्चला ते उघड केलं. तोवर त्या आवृत्त्या सिड आणि चाचणीपर्यंत पोचल्या होत्या, स्थिर डेबियनपर्यंत नाही. पण थिरावण्याला किंमतही आहे: यंत्र अगदी नवं असेल तर जुनं स्थिर डेबियन ते कधी कधी ओळखतच नाही, आणि छोट्या चुका दोन-दोन वर्षं तशाच सोबतीला राहतात.

'रोलिंग'ला काही जण 'फिरती आवृत्ती' म्हणतात. ते मला पटत नाही, आणि बडोद्यात तर मुळीच नाही. सयाजीराव महाराजांच्या ग्रंथालय चळवळीत लाकडी पेट्यांतून गावोगाव जाणारी फिरती ग्रंथालयं होती. तिथे जागा बदलायची, पेटीतली पुस्तकं तीच. रोलिंगमध्ये नेमकं उलटं होतं: जागा तीच, आतलं बदलतं. म्हणून 'वाहती' म्हणावं. याच संस्थानाने १९३१ मध्ये 'श्रीसयाजीशासनशब्दकल्पतरु' काढून कारभारातल्या इंग्रजी शब्दांना आपल्या भाषांतले प्रतिशब्द शेजारी शेजारी मांडले होते. तुमचा फलक त्याच कामाचा भाग आहे असं मी मानतो.

फलकावर एवढं लिहा: "या संगणकांवर डेबियनची स्थिर आवृत्ती आहे. पुढची आवृत्ती येईपर्यंत तिची मांडणी बदलत नाही. सुरक्षेच्या दुरुस्त्या मात्र वेळोवेळी होतात." 'थिरावलेली' हा शब्द त्या सभासदांना समोर बसवून समजावताना वापरा. आणि खाली 'संगणक अद्ययावत आहे' असं लिहायला कचरू नका. अद्ययावत म्हणजे आजपर्यंतचं, आणि आजपर्यंतच्या सगळ्या दुरुस्त्या त्यात आहेतच.