पीआरवर (पुल रिक्वेस्ट, म्हणजे सहकाऱ्यांनी तपासावा म्हणून पाठवलेला कोडमधला बदल) तीस-तीस कमेंट येतात, मन खचतं आणि घरी गेल्यावरही तेच डोक्यात फिरतं. काय करावं?

आधी त्या तीस कमेंटची वाटणी करा. प्रत्येकीपुढे एकच शब्द लिहा: चूक, रचना किंवा आवड. मोकळ्या ओळी, अवतरणचिन्हं, कंस कुठे उघडायचा, ही सगळी आवड. त्यावर माणसाने वेळ घालवूच नये. प्रीटियर किंवा ब्लॅकसारखा फॉर्मॅटर (कोडची मांडणी एकसारखी करणारं साधन) कमिटच्या, म्हणजे बदल नोंदवण्याच्या, आधी आपोआप चालेल असा लावून द्या. तीच कमेंट तिसऱ्यांदा आली, तर टीमला विचारून तिचा लिंटचा (कोड आपोआप तपासणाऱ्या साधनाचा) नियम करून टाका.

उरलेल्या कमेंटचं मूळ बहुतेकदा पीआरच्या आकारात असतं. गूगलच्या खुल्या रिव्ह्यू-मार्गदर्शिकेत साधारण १०० ओळी ठीक आणि १००० ओळी फार, असा अंदाज दिलाय. माझ्या मते त्याहून घातक म्हणजे रीफॅक्टरिंग (वर्तन तेच ठेवून कोडची रचना सुधारणं) आणि नवं वर्तन एकाच पीआरमध्ये घालणं. ४०० ओळींत नुसतं नाव बदललेलं असतं आणि मध्येच एका अटीत ‘पेक्षा जास्त’चं ‘जास्त किंवा बरोबर’ झालेलं असतं. वाचणारा थकतो, नावांवर दहा कमेंट टाकतो आणि नेमकी ती अट निसटते. नावबदलाचा पीआर वेगळा काढा, तो पाच मिनिटांत मंजूर होतो.

रचनेवरची कमेंट सगळ्यात जास्त लागते, कारण ती चार दिवसांची मेहनत झाल्यावर येते. म्हणून फंक्शनची सिग्नेचर (नाव, ते काय घेतं आणि काय परत देतं) आणि एक टेस्ट एवढंच तयार असताना ड्राफ्ट, म्हणजे कच्चा, पीआर उघडा. वर्णनात काय बदललं, का बदललं, कसं तपासलं आणि तुम्हाला स्वतःला कुठे खात्री नाही, ते लिहा. ही शेवटची ओळ फार कामाची आहे. शंका तुम्हीच मांडलेली असली की समोरचा दोष शोधत बसत नाही, तुमच्या बाजूने विचार करायला लागतो.

कमेंट लिहिताना हीच काळजी तुम्हीही घ्या. ‘हे असं का केलंस?’ यातून काहीच कळत नाही. ‘कार्ट रिकामी आली तर इथे नल येईल आणि पेमेंट अडकेल, वरच तपासून परत फिरूया का?’ (नल म्हणजे किंमतच नसणं) यात परिस्थिती, परिणाम आणि उपाय तिन्ही आहेत. एकाच धाग्यात दोनदा उत्तर-प्रत्युत्तर झालं की टायपिंग थांबवा, दहा मिनिटं बोला आणि ठरलेलं त्याच धाग्यात लिहून ठेवा. नाहीतर सहा महिन्यांनी गिट ब्लेम (कोणती ओळ कुणी, कधी बदलली ती नोंद) बघणाऱ्याला कारण सापडत नाही.

घरी डोक्यात फिरत राहतं ते अर्धवट सोडलेलं काम. निघण्याआधी पंधरा मिनिटं राखा: आहे तसं ब्रँचवर (कोडच्या तुमच्या वेगळ्या शाखेवर) कमिट करून पुश करा, म्हणजे सर्व्हरवर पाठवा, सकाळी कुठून सुरू करायचं ते दिसावं म्हणून एक टेस्ट मुद्दाम नापास ठेवा आणि उद्याची पहिली पायरी एका ओळीत लिहा. रिव्ह्यूची नोटिफिकेशन संध्याकाळी बंद ठेवा. वर सांगितलेल्या मार्गदर्शिकेतही उत्तरासाठी कामाच्या एका दिवसाची मुदत आहे, म्हणजे रात्री नऊला आलेली कमेंट सकाळी वाचली तरी चालतं.

अमेरिकेतल्या टीमसोबत काम असेल तर आणखी एक. तिथली घड्याळं नोव्हेंबरमध्ये एक तास मागे जातात, त्यामुळे आपला रात्री साडेआठचा कॉल साडेनऊला सरकतो आणि मुलांच्या झोपेच्या वेळेवर येतो. ऑक्टोबरमध्येच कॉल त्यांच्या घड्याळाने तासभर अलीकडे घ्यायला सांगा. न्यूयॉर्कची टीम असेल तर त्यांचे तेव्हा सकाळचे दहा वाजलेले असतात, सहसा कुणी हरकत घेत नाही.