बातमी खरी की खोटी, त्याआधी ती कधीची?

न्यू जर्सीतील एका भगिनींनी लिहिले आहे: ‘मी मूळची नाशिकची. तिशीत ओसीआय कार्ड (परदेशी नागरिकत्व घेतलेल्या भारतीय वंशाच्या लोकांना भारतात व्हिसाशिवाय येण्यासाठी मिळणारे कार्ड) घेतले, गेल्या वर्षी पन्नाशी ओलांडली आणि नुकताच नवा अमेरिकी पासपोर्ट आला. डिसेंबरमध्ये भाचीचे लग्न आहे. नणंदबाईंनी ग्रुपवर एक लेख पाठवला, की पन्नाशीनंतर कार्ड नव्याने काढले नाही तर विमानतळावरूनच परत पाठवतात. यजमान म्हणतात, काहीच करावे लागत नाही. दोघांनीही इंटरनेटवरच वाचले आहे. कोणाचे ऐकू?’ सासूबाईंचे व्हॉट्सअ‍ॅपवरचे काढ्यांविषयीचे संदेश आणि मुलाचे बातम्यांसाठी व्हिडिओंवर विसंबणे, अशा आणखी दोन तक्रारी पत्रात आहेत.

लग्नाला पोहोचू की नाही, ही धास्ती काय असते हे आपल्यापैकी कोणाला सांगायला नको. पण भगिनी, तो लेख कोणत्या साली लिहिला गेला, हे आपण पाहिलेले दिसत नाही. आपल्या पत्रावरही तारीख नाही, हे जाता जाता नोंदवते.

तो लेख बहुधा शिळा आहे. पन्नाशीनंतर एकदा कार्ड नव्याने काढण्याची अट पूर्वी खरोखरच होती. भारताच्या गृह मंत्रालयाने १५ एप्रिल २०२१ रोजी ती शिथिल केल्याचे जाहीर केले. त्यानुसार विसाव्या वर्षानंतर ज्यांनी कार्ड घेतले, त्यांना ते पुन्हा काढावे लागत नाही. मात्र पन्नाशीनंतर नवा पासपोर्ट आल्यावर एकदा त्याची प्रत आणि ताजे छायाचित्र, पासपोर्ट मिळाल्यापासून तीन महिन्यांत, ओसीआयच्या सरकारी संकेतस्थळावर विनाशुल्क चढवावे लागते. त्या कागदपत्रांची पोच येईपर्यंत प्रवासाला आडकाठी नाही, हेही त्याच निवेदनात होते. म्हणजे यजमानांचेही अर्धेच खरे. त्यानंतर काही बदलले आहे का, हे तिकिटे काढण्यापूर्वी त्याच संकेतस्थळावर पाहावे. पत्त्याच्या शेवटी ‘जीओव्ही डॉट इन’ आहे, याची खात्री करूनच.

माझे वडील सरकारी नोकरीत होते. कोणतेही परिपत्रक हाती आले की मजकुराआधी ते जावक क्रमांक आणि दिनांक वाचत, आणि आम्ही भावंडे त्यांना हसत असू. पुढे लेस्टरच्या माझ्या मावसबहिणीने, नियम बदलून वर्ष उलटल्यावर, असाच बिनतारखेचा लेख वाचून एका दलालाला कार्ड नव्याने काढण्याचे पैसे मोजले. तो लेख त्या दलालाच्याच संकेतस्थळावर होता. मजकूर कोणी लिहिला आणि त्यातून कोणाचा धंदा चालतो, हे तारखेइतकेच महत्त्वाचे आहे. काही ठिकाणी वर ‘अद्ययावत’ म्हणून कालची तारीख असते आणि आतला नियम जुनाच असतो. म्हणून लेखात कोणत्या निवेदनाचा, कोणत्या दिवसाचा आधार दिला आहे, तेवढे शोधावे. आधारच नसेल, तर तो लेख ग्रुपवर पुढे ढकलू नये.

सासूबाईंच्या संदेशावर दुहेरी बाण दिसला, तर तो अनेक हातांतून फिरून आला आहे एवढे समजावे. त्यांच्याशी वाद घालू नये. काढा घेण्यापूर्वी डॉक्टरांना विचारावे, इतकेच म्हणावे.

मुलाला व्हिडिओ पाहू द्यावेत. ही बातमी कोणत्या वर्तमानपत्रातली आणि कोणत्या दिवसाची, एवढे मात्र जेवताना त्याला जरूर विचारावे.